पैलतीरावरचा संगम : तापी, पूर्णा आणि आपल्या काठाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना आधी तालुक्याचा नकाशा काढायला लावला आणि मग जगाचा. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय आपल्या नकाशातलाच हवा, असं मला वाटलं. म्हणून आज मी चांगदेवच्या संगमावर बोलणार आहे.

जागा लहान आहे. तापी आणि पूर्णा जिथे एकमेकींना मिळतात तेवढा काठ, त्यावरची चांगदेव, मेहूण, कोथळी ही गावं, आणि अलीकडे तापीला लागून असलेली आपल्या रावेर तालुक्याची दक्षिण कड. सरकारदरबारी संगम मुक्ताईनगर तालुक्यात मोडतो. पण नदीला दोन काठ असतात आणि त्यातला एक आपला आहे. यात्रेला, लग्नकार्याला, बाजाराला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी ओलांडून गेली. त्यामुळे पैलतीराचा इतिहास तो आपलाही इतिहास.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. या संगमाची सगळी कहाणी नदी ओलांडण्याची आहे. कोणी ओलांडली, कुठून ओलांडली, कशासाठी ओलांडली, हे विचारत गेलं की यादवकाळापासून आजपर्यंतचा इतिहास उलगडत जातो. १९८२ साली हतनूरचं धरण पुरं झालं आणि ओलांडण्याच्या जुन्या जागा फुगवट्याच्या पाण्याखाली गेल्या. त्याआधीचा काठ डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांचं सांगणं टिपून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.

दोन नद्या

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. पूर्णाही सातपुड्याचीच, तिचा उगमही भैंसदेहीच्या बाजूचा, त्याच बैतूल जिल्ह्यातला. पण दोघींच्या वाटा वेगळ्या. तापी सातपुड्याच्या कडेकडेनं बऱ्हाणपूरवरून येते. पूर्णा दक्षिणेला उतरून अमरावती, अकोला, बुलढाणा असा वऱ्हाडाचा वळसा घालते, काळ्या मातीतून आणि खारपाण पट्ट्यातून वाहत येते. डोंगरात एकमेकींजवळ जन्मलेल्या या नद्या इतकं अंतर तोडून चांगदेवला पुन्हा भेटतात.

तापीच्या खोऱ्याचं क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातलं ५१,५०४ महाराष्ट्रात येतं. एकूण खोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग एकट्या पूर्णेचा. याचा अर्थ असा, की संगमावरच्या माणसाला दोन वेगवेगळ्या मुलखांतला पाऊस सोसावा लागतो. आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी बैतूलला झडी लागली की तापी चढते आणि अकोल्याकडे धो धो कोसळला की पूर्णा चढते. दोन्ही पूर एकाच वेळी आले तर काय होतं, हे काठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. इथे चढलेलं पाणी पुढे भुसावळ, चोपडा, शिरपूर ओलांडत उकाई धरणात आणि तिथून सुरतेला जातं. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर बुडालं तेव्हा ते पाणी याच खोऱ्याचं होतं.

पुरानं जे नेलं त्याहून अधिक दिलंही. या काठाला गाळाची खोल जमीन आहे. आज रावेर, सावदा, निंभोऱ्याहून केळी दिल्लीपर्यंत जाते, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी हजारो वर्षं साचलेली ही माती आहे.

संगमच का?

तापीकाठचे जुने वस्तीचे टापू पाहिले तर ते पुष्कळदा संगमावर सापडतात. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशे इथे तापीला गोमाई मिळते. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली. तापीकाठच्याच सावळदा गावावरून एका प्राचीन संस्कृतीला नाव मिळालं आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला. शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथे कपिलेश्वराचं देऊळ आहे.

कारणं साधी आहेत. संगमाजवळ डोह असतो, म्हणून वैशाखातही पाणी आटत नाही. मासळी मिळते. दोन नद्यांच्या बेचक्यात उंच दरड असते, तिथे घर बांधलं तर नेहमीचा पूर पोचत नाही. आणि नदी जिथे वाळू टाकते, तिथे उन्हाळ्यात पायउतार सापडतो. वस्तीला पाणी आणि वाटसरूला वाट, दोन्ही एकाच ठिकाणी. देव तिथे मागाहून आले. माणसं आधी आली.

देऊळ, योगी आणि मुक्ताई

चांगदेवचं देऊळ आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बांधणी बाराव्या-तेराव्या शतकातली, यादवकाळातली. माथ्यावर शिखर नाही, त्यामुळे लांबून ते बसकं दिसतं. जवळ जाऊन भिंतीला हात लावावा. काळा दगड, एकावर एक चढत गेलेले पीठाचे थर, आत-बाहेर वळणारे कोन, त्या कोनांत कोरलेल्या मूर्ती. दुपारच्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या कोनावर पडते आणि सपाट वाटलेली भिंत एकदम खोल दिसू लागते. नदीकाठच्या आडगावात असं काम उभं राहिलं, याचा अर्थ हे तेव्हा आडगाव नव्हतं. इथे माणसं येत होती, दान येत होतं, कसबी पाथरवट येत होते.

देवळाला नाव चांगदेवांचं, चांगा वटेश्वरांचं. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून आलेला, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. त्यांच्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. आणि त्या योग्यानं गुरू केलं ते कोवळ्या वयाच्या मुक्ताईला. चांगदेवांची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्याला आहे, पण तापीकाठानं त्यांना आपलं मानलं.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण दोन चांगदेवांची सरमिसळ वरचेवर होते. भास्कराचार्यांच्या नातवाचं नावही चांगदेव. तो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ स्थापला. तिथला शिलालेख १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. हे चांगदेव वेगळे, तापीकाठचे चांगदेव वेगळे. पण दोघे खानदेशचे, आणि एकाच शतकात गणिताचा मठ आणि योग्याची परंपरा आपल्या मुलखात नांदत होती, ही गोष्ट अभिमानानं सांगावी अशी आहे.

आता मुक्ताई. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले. मग निवृत्तिनाथ मुक्ताईला घेऊन उत्तरेकडे निघाले आणि शके १२१९ म्हणजे १२९७ च्या वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असं वारकरी परंपरा सांगते. तिची समाधी म्हणून दाखवायला देह नाही. मेहूणला तिचं देऊळ आहे, कोथळीला आहे, आणि एदलाबादला आज आपण मुक्ताईनगर म्हणतो.

या कथेच्या भोवतीचा काळ मुद्दाम लक्षात घ्यावा. १२९६ मध्येच अल्लाउद्दीन खिलजीचं घोडदळ एलिचपूरवरून, म्हणजे वरच्या पूर्णा खोऱ्यातून, देवगिरीवर चालून गेलं. रामदेवराय यादवानं खंडणी देऊन सुटका करून घेतली. म्हणजे ही भावंडं तापीकडे आली ती राज्य हादरल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात. अशा दिवसांत अठरा वर्षांच्या मुलीची आठवण एका मुलखानं सातशे वर्षं उरी जपली. राजाचा वाडा कुठे होता हे इथल्या माणसाला सांगता येणार नाही. मुक्ताई कुठे गुप्त झाली ते कोणीही सांगेल. आषाढीसाठी तिची पालखी निघते ती ज्येष्ठातच, कारण इथून पंढरपूर फार लांब. वाटेत मराठवाडा लागतो, गोदावरी लागते. महाशिवरात्रीला चांगदेव आणि मुक्ताई, दोघांची यात्रा एकत्र भरते. गुरू आणि शिष्य यांना लोकांनी एकाच दिवसात बांधून ठेवलं आहे.

सुरतेची वाट

रावेरला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी वाट आपल्या दारावरून गेली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरला फारुकींची सत्ता आली, नंतर बऱ्हाणपूर वसलं. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. मग सुरत बंदर ते बऱ्हाणपूर आणि पुढे आग्रा हा रस्ता वाहता झाला. नंदुरबार, थाळनेर, चोपडा या गावांवरून तापीच्या खोऱ्यातून तो वर येई. इंग्लंडचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला तो सुरतेहून याच बाजूनं. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघाला. तेव्हा गुजरात-खानदेशात भीषण दुष्काळ पडला होता, आणि वाटेवरच्या मढ्यांचं त्यानं केलेलं वर्णन आजही वाचवत नाही.

या हमरस्त्याला दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या आडवाटा होत्या. वऱ्हाडातून, अजिंठ्याच्या घाटातून येणाऱ्या माणसाला बऱ्हाणपूर गाठायचं तर पूर्णा किंवा तापी, कधी दोन्ही, ओलांडाव्याच लागत. आठ महिने पायउतार, चार महिने डोंगा. पावसाळ्यात पूर्णा ओलांडणं किती अवघड, याचा एक दाखला १७२० चा आहे. निजाम-उल-मुल्क बाळापूरच्या लढाईआधी दुथडी भरलेल्या पूर्णेशी अडला होता आणि उताराची जागा सापडल्यावरच त्याचं सैन्य पार झालं. सैन्याची ही गत, तर बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याची काय असेल? म्हणून उतार ठाऊक असणारा भोई, कोळी हा या काठावरचा जाणकार माणूस होता. वाळू यंदा कुठे सरकली, डोह कुठे खोल झाला, हे त्याच्या पायांना कळे. त्या जाणकारीची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

रेल्वेनं हे सगळं बदललं. १८६० च्या दशकात मुंबईहून आलेली रेल्वे भुसावळला तापी ओलांडून सावदा, निंभोरा, रावेर अशी बऱ्हाणपूर-खंडव्याकडे गेली. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर-कलकत्ता जोडलं गेलं. मालाला आता उतार शोधायची गरज उरली नाही. संगमाच्या वाटा यात्रेपुरत्या, सोयरिकीपुरत्या राहिल्या. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये चांगदेवची नोंद आहे ती गाव, देऊळ आणि यात्रा एवढीच. महसूल गोळा करणाऱ्याला जे दिसलं ते त्यात आहे. नावाड्याला जे दिसत होतं ते नाही.

हतनूरचं पाणी

१९८२ मध्ये भुसावळ तालुक्यात हतनूरला तापीवर धरण पूर्ण झालं. मूळ साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर, दरवाजे ४१. दर पावसाळ्यात ‘हतनूरचे इतके दरवाजे उघडले’ ही बातमी आपण ऐकतो आणि काठची माणसं गुरं वर घेतात. वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना, दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळ शहर आणि रेल्वे, यावल-चोपड्याकडचा कालवा, हे सगळं या पाण्यावर उभं आहे. आपल्या बाजूच्या शेतकऱ्यानंही फुगवट्यावर मोटारी बसवून, मैलोन्‌मैल पाइपलाइन टाकून केळीच्या बागा उभ्या केल्या. धरणानं दिलेलं नाकारण्यात अर्थ नाही.

पण संगम जसा होता तसा राहिला नाही. पूर्वी दोन प्रवाह वेगळे दिसत, मधे वाळूची जीभ दिसे, डोह आणि उथळ पाणी यांतला फरक कळे. आता वर्षाचा बराच काळ तिथे एकसंध, पसरट पाणी असतं. काठच्या नाल्यांच्या मुखांत शिरून त्यानं लहान-लहान आखातं केली आहेत. नदीकाठी राहणारी माणसं तलावाकाठी राहू लागली. काठच्या सुपीक जमिनी गेल्या, गावठाणं हलली, घाट बुडाले. कोणाला मोबदला मिळाला, कोणी वर्षानुवर्षं पुनर्वसनासाठी खेटे घातले. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात ही गोष्ट आहे.

नव्या पाण्यानं नवं जगणंही घडवलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. कलिंगड, डांगर, काकडीच्या वेलींना ओल पुरेल तेवढे दिवस हाती असतात, आणि पहिला पूर यायच्या आत सगळं उचलावं लागतं. हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक, थापट्या, मोठी लालसरी अशी बदकं उतरतात आणि पक्षी मोजायला अभ्यासक येतात. पण दोन्ही नद्यांनी, विशेषतः वऱ्हाडाची माती घेऊन येणाऱ्या पूर्णेनं, धरणात इतका गाळ टाकला आहे, की त्याची साठवण बरीच घटली. जो गाळ पूर्वी शेतांना मिळायचा तो आता भिंतीमागे अडतो.

आणि फुगवट्यापासून थोडं वर, सातपुड्याच्या पायथ्याला, आपल्याच तालुक्यात विहिरींचं पाणी खोल-खोल जात आहे. रावेर आणि यावल हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके. ज्या पायथ्याच्या सच्छिद्र थरातून १६१५ च्या सुमारास बऱ्हाणपूरकरांनी कुंडी भंडाऱ्याचं पाणी भुयारांनी शहरात आणलं, तोच थर आपल्याही पायाखाली आहे. त्यांनी त्यातून पाणी आणलं ते उताराच्या बळावर, उपसा न करता. तापीचं पुराचं पाणी याच थरात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये करार केला. योजना होईल तेव्हा पुन्हा जमिनी मोजल्या जातील, पुन्हा कालव्याच्या रेघा आखल्या जातील. हतनूरच्या वेळी काय घडलं, हे नीट लिहून ठेवलेलं असेल तर आपल्याला त्या वेळी नेमके प्रश्न विचारता येतील. स्थानिक इतिहासाचा उपयोग असा रोकडा असतो.

आता काय लिहायचं

इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपली अखेरची वर्षं धुळ्यात काढली. १९२६ च्या अखेरीस ते गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. राजवाडे गावोगाव, घरोघर फिरून रुमाल सोडवत आणि कागद वाचवत. कागद वाचवण्याची ही परंपरा खानदेशला आहे. तिच्यात आता माणसांच्या तोंडचं सांगणं वाचवण्याची भर घालायची आहे. धरण पुरं झालं तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आज पन्नाशी ओलांडून गेले. ज्यांनी जाणत्या वयात तापी पायी ओलांडली ते सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून माझी तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांना आणि वाचनालयांना विनंती आहे. काठच्या प्रत्येक गावाची एक वही करा. तिच्यात पहिली नोंद उतारांची : कोणत्या महिन्यात कुठून पार होत, नाव कोणाची असे, नावाड्याला रोकड मिळे की धान्य. दुसरी नोंद बुडालेल्या शेतांच्या आणि शिवारांच्या नावांची. सातबारा आणि जुने गावनकाशे समोर ठेवून ती जुळवा. तिसरी पुराच्या खुणांची : कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीला लागलं. चौथी पुनर्वसनाची : भूसंपादनाचे निवाडे, नोटिसा, अर्जांच्या प्रती. अनेक घरांत त्या पत्र्याच्या पेटीत आहेत, त्यांचे फोटो तरी काढून घ्या. पाचवी बायांच्या आठवणींची. पाणवठा, धुण्याचा घाट, नदीपल्याडचं माहेर, जात्यावरची मुक्ताई, हे त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, आणि आजवर त्यांना कोणी विचारलेलंही नाही.

नोंद करताना सांगणाऱ्याचं वय, गाव आणि तारीख लिहा. एकच गोष्ट दोघांकडून ऐका. जुळली नाही तर दोन्ही रूपं लिहा, आपल्या मनानं एक निवडू नका. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणून लिहा, पण गाळू नका. मुक्ताईची वीज गाळली असती तर आपल्याला तेराव्या शतकातला हा काठ दिसलाच नसता.

महाशिवरात्रीला आपल्यातले पुष्कळजण चांगदेव-मुक्ताईच्या दर्शनाला जातील. जाताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि काठावर उभं राहून विचारा, की दादा, माय, पूर्वी इथून कसं पार होत होतात? जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून काढा आणि वही वाचनालयात आणून द्या. अशा पन्नास वह्या जमल्या तर रावेर तालुक्याकडे तापीकाठाचा असा इतिहास असेल, जो कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. ज्या गुरुजींच्या नावानं आपण इथे जमलो, त्यांचं याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.